लोकरपट्टीची हरकत

१८ ऑक्टोबर १९३१, रविवार

या वहीत मार्चनंतर एक ओळ नाही. सात महिने तिला कपाटात ठेवून मी रोज तिच्यासमोरून कचेरीत गेलो, याबद्दल प्रथम तिची माफी मागतो. कामाचे कारण सांगता येईल, पण ते पुरते खरे नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या ठरावांच्या शुद्ध प्रती काढल्या की संध्याकाळी स्वतःचे कच्चे लिहिण्याची लाज वाटू लागते, एवढेच.

आज बसलो, कारण काल काही घडले. शाळा सोडून उपनगर सुधार मंडळाचा चिटणीस झालो त्याला या दसऱ्याला दोन वर्षे होतील. या दोन वर्षांत काल पहिल्यांदा बैठकीत माझे म्हणणे मान्य झाले.

मालधक्क्यापासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत साठ फुटी सडक व्हायची आहे. तिच्या वाटेत नाल्याकाठची लोकरपट्टी येते. त्रेचाळीस घरे, सगळी सांगोल्याकडच्या धनगरांची. यांचे आजे दुष्काळात मेंढरे घेऊन इकडे आले आणि घोंगडी विणत राहिले. त्यांना सर्व्हे नंबर ११७ मध्ये नवी जागा द्यायची, अशी योजना आहे. नियम असा की कचेरीच्या दारावर नोटीस डकवायची आणि ज्याची हरकत असेल त्याने ती तीस दिवसांत लेखी द्यायची. मी म्हणालो, त्रेचाळीस घरांत एकालाही वाचता येत नाही. कागद डकवून आपण त्यांना विचारले असे होत नाही. आपण दारोदार जाऊ, तोंडी विचारू आणि जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेऊ.

अध्यक्ष शरणप्पा हसले. कापसाचा मोठा व्यापार आहे त्यांचा, आणि हसले की समोरच्याचा मुद्दा निम्मा होतो. "यज्ञेश्वरराव, तुम्ही शाळा सोडली, पण शाळा तुम्हाला सोडंना की हो!" सगळे हसले. मग म्हणाले, "जा, विचारा. आपलं काय जातंय? पण तीस दिवसांत उरका."

घरी येताना मी जवळजवळ शीळ घालत होतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शोभत नाही. लिहून ठेवतो.

२ नोव्हेंबर

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा यात आजचा सगळा दिवस गेला.

सरोजिनी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, त्यात एवढं काय? घर सोडून जाल का, असं विचारा."

मी तिला समजावले की असा प्रश्न विचारणे म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडात घालणे. घर सोडाल का म्हटले की कोणीही नाहीच म्हणेल. प्रश्न कोणत्याही बाजूला कलता कामा नये. कायद्याचा शब्द 'हरकत' आहे, तोच वापरावा. आधी नोटीस वाचायची, मग विचारायचे, "या योजनेला तुमची काही हरकत आहे काय?" प्रत्येक दारी हेच शब्द आणि हाच स्वर.

"भाजीवालीशीसुद्धा मी इतकं तोलून बोलत नाही," ती म्हणाली.

"भाजीवालीचं उत्तर सरकारदरबारी जात नाही," मी म्हणालो. या उत्तरावर मी खूश होतो. आत्ता वाचताना तितकासा नाही.

१२ नोव्हेंबर

दिवाळी संपली. आज लोकरपट्टीत पहिला दिवस.

बरोबर कल्लप्पा शिपाई होता. त्याला मी खाकी कोट, पट्टा, पितळी बिल्ला असा पूर्ण पोशाख करायला लावला. "ह्या उनात कोट कशाला साहेब?" म्हणून तो कुरकुरला. मी सांगितले की कलेक्टरांपुढे जाताना आपण नीटनेटके जातो, तर या लोकांपुढेही तसेच गेले पाहिजे. त्यात त्यांचा मान आहे.

पहिले घर फुलाबाईचे. साठीच्या पुढची, उंच, पाठीत किंचित वाकलेली. ओट्यावर लोकर कातत होती. आम्हाला पाहताच चाती खाली ठेवून उभी राहिली. मी नोटीस सावकाश वाचली आणि प्रश्न विचारला. तिचे उत्तर जसेच्या तसे:

"न्हाय साहेब. आमची कसली हरकत! देवाशप्पत न्हाय. माजा ल्योक तवा हितं न्हवताच, सांगोल्याला मेंढरं बगाया गेलता."

पहिला भाग मी 'उत्तर' या रकान्यात घेतला, शेवटचे वाक्य 'इतर मजकूर' या रकान्यात. हे लोक प्रश्नाशी संबंध नसलेले पुष्कळ बोलतात. पलीकडच्या घरातल्या माणसाने आतून गिरणीचा बिल्ला आणून दाखवला आणि मी त्या दिवशी कामावर होतो म्हणाला. कोणत्या दिवशी, ते विचारले तर बिल्लाच पुन्हा पुढे केला. मी तेही लिहिले. शब्दशः म्हणजे शब्दशः.

सहा घरे झाली. सहाही जणांची हरकत नाही. प्रत्येक नोंदीखाली अंगठा घेतला.

२० नोव्हेंबर

त्रेचाळीस घरे पूर्ण. त्रेचाळीसही ठिकाणी हरकत नाही.

मला हे थोडे चमत्कारिक वाटले. पाच-सात जण तरी कुरकुरतील अशी माझी अपेक्षा होती. मनात शंका राहू नये म्हणून परतताना पुन्हा फुलाबाईकडे गेलो. म्हणालो, "बाई, घाई नाही. पुन्हा एकदा विचारतो, अगदी मनापासून सांगा. काही हरकत?" तिने दोन्ही हात जोडले आणि ती रडू लागली. "न्हाय वो साहेब, न्हाय. किती येळा सांगू?"

मला भरून आले. या लोकांना आजवर कोणी काही विचारलेच नसावे. कल्लप्पा दाराबाहेर नाल्याकडे तोंड करून उभा होता.

५ डिसेंबर

बैठक झाली. शरणप्पांनी माझे नोंदपुस्तक उचलून सर्वांना दाखवले. "त्रेचाळीस घरं, त्रेचाळीस अंगठे. आणखी काय पाहिजे?" ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो लिहून घेतला. अक्षर आज चांगले आले.

१९ डिसेंबर

कलेक्टरसाहेबांचे पत्र. माझे नोंदपुस्तक त्यांनी मागवून पाहिले. जिल्ह्यातल्या इतर संस्थांनीही ही रीत अनुसरावी असे त्यांना वाटते, तरी मी तिच्यावर एक टिपण लिहून पाठवावे. पहिले पान चार वेळा लिहिले. दर वेळी 'मी' फार वेळा येतो.

सरोजिनीने विचारले, "नवी जागा त्यांना दाखवलीत का?"

"नोटिशीत सर्व्हे नंबर आहे. तो मी प्रत्येक दारी वाचून दाखवला."

"दाखवलीत का, विचारलं मी."

मी टिपणाकडे वळलो.

६ जानेवारी १९३२

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

परवा लोकरपट्टीत जागा खाली करण्याच्या नोटिसा गेल्या. मुदत फेब्रुवारीअखेर. आज दुपारी फुलाबाईचा मुलगा धुळाप्पा कचेरीत आला. चाळिशीचा, रुंद, खांद्यावर काळे घोंगडे. वहाणा बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला. आत ये म्हटले तरी येईना.

"साहेब, ही शिक्षा कशापायी?"

"शिक्षा? अरे, ही शिक्षा नव्हे. योजना आहे."

"काय बी म्हना. घरं पाडनार ती पाडनारच न्हवं? आमी काय केलंय? तुमी सोता दारात आला. हरकत हाय का, इचारलं. आमी न्हाय म्हनलं. आईनं तर दोनदा सांगितलं. रडून सांगितलं."

"हरकत नाही म्हणालात म्हणूनच तर हे झालं."

त्याने घोंगडे खांद्यावर सावरले. मग अगदी हळू म्हणाला, "मग हरकत केली असती तर फाशीच दिली असती व्हय?"

मला एक शब्द खटकला. 'केली असती.' हरकत घेतात. हरकत असते. केली कशी?

मी कल्लप्पाकडे पाहिले. तो दाराजवळच्या बाकावरून उठून उभा राहिला होता.

"कल्लप्पा, हा काय म्हणतोय?"

"लष्करी कायदा लागलता तवाचं हाय साहेब ते," तो म्हणाला. "गेल्याच्या गेल्या मे महिन्यात. शिपाई आसंच वही घेऊन पट्टीत आलते. दारोदार. 'किसने हरकत किया? तुम हरकत किया?' म्हनून. जो अडखळला त्येला गाडीत घातला. ह्येंच्यातले दोघं अजून येरवड्यात हायेत. तवापासनं पट्टीत हरकत म्हंजे गुन्हा."

धुळाप्पा मान हलवत होता. "तवा मी सांगोल्याला व्हतो. आईनं सांगितलं की तुमास्नी."

सांगितले होते. 'इतर मजकूर' या रकान्यात आहे.

"तुला हे माहीत होतं?" मी कल्लप्पाला विचारले.

"व्हय की."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

तो खरोखर गोंधळला. "मला वाटलं, साहेबांनी मुद्दामच तसं इचारलं. कोट घालाया लावला, बिल्ला लावाया लावला. मी म्हनलं, साहेब लई हुशार हायेत."

७ जानेवारी

सकाळी एकटाच लोकरपट्टीत गेलो. कोट नाही, वही नाही. फुलाबाईच्या ओट्यावर बसलो आणि विचारले, "तुम्हाला इथून जायचं आहे का?"

दोन तास लोक बोलत होते. एकाचे संपेपर्यंत दुसऱ्याला दम निघत नव्हता. मला आठवते ते लिहितो. त्यांचे माग जमिनीत खड्डा करून बसवलेले असतात. विणणारा पाय खड्ड्यात सोडून बसतो. इथे मुरूम आहे म्हणून खड्डा टिकतो. काळ्या रानात पाऊस पडला की माती फुगते आणि खड्डा ढासळतो. आमच्या नकाशात सगळी ११७ काळी आहे. हे मला ठाऊक नव्हते. आमच्या इंजिनियरला ठाऊक असते तरी त्याने मागाचा खड्डा कधी पाहिलेला नाही.

"आन ही एकशे सतरा म्हंजे कुटं?" धुळाप्पाने विचारले.

"टोलनाक्यापलीकडे. जुनी दगडाची खाण आहे ना, तिच्याभोवतीची जमीन. खाणीत बारमाही पाणी आहे."

एकदम हशा पिकला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"मढेखान!" धुळाप्पा म्हणाला. "साहेब, तितं आमी मेलेली मेंढरं टाकतो. आज्यापासनं. ते पानी कावळाबी पीत न्हाय."

फुलाबाई हसली नव्हती. म्हणाली, "मला इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं की."

"विचारलं होतं, बाई."

"तसं न्हवं इचारलं."

९ जानेवारी

शरणप्पांना सगळे सांगितले. ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, हे मान्य केले पाहिजे.

"नोंदपुस्तक कुणाचं?" त्यांनी विचारले.

"माझं."

"अक्षर?"

"माझंच."

"शब्दशः कोण म्हणालं? मी?" मग थोडे मऊ होऊन, "हे बघा यज्ञेश्वरराव. तीस दिवस कधीच संपले. एका दिवसानं उशीर झाला म्हणून त्या मारवाड्याचा अर्ज तुम्हीच परत केलात की नाही? आता त्रेचाळीस घरांसाठी महिन्यानं दार उघडायचं? तो मला सोडेल का?"

हे खरे आहे. तो अर्ज मीच परत केला.

मी खाणीचे सांगितले. ते म्हणाले, पाणी उपसू, चुना टाकू, उन्हाळ्यात विहीर खणून देऊ. ते खोटे बोलत होते असे मला वाटले नाही. मी उठलो तेव्हा म्हणाले, "कलेक्टरांना लिहायचं तर लिहा, मी अडवत नाही. पण पुढचं ऐकून जा. ते म्हणतील, दारोदार जाऊन विचारणं हाच गाढवपणा. पुन्हा कुठलंच मंडळ कुणाला काही विचारणार नाही. इतक्या खटपटीनं तुम्ही एक चांगली रीत पाडलीत, ती तुम्हीच पुराल."

१४ जानेवारी

संक्रांत. गड्ड्याच्या जत्रेला सगळे शहर लोटले आहे. जत्रेबाहेर मात्र, चळवळीच्या धास्तीने, पाच माणसांनी एकत्र जमायचे नाही असा सरकारी हुकूम. लोकरपट्टीने मिळून अर्ज करावा असे धुळाप्पाला सुचवले होते. म्हणाला, "मिळून म्हंजे किती जनांनी साहेब?"

कलेक्टरांना द्यायचे पत्र लिहून ठेवले आहे. सहा पाने. पाठवलेले नाही.

सरोजिनीने तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारले, "गेलं का?"

मी तिला शरणप्पांचा मुद्दा सांगितला. आज लोकरपट्टीचे नुकसान होईल हे खरे, पण लोकांना विचारण्याची रीतच बंद पडली तर उद्या अशा शंभर पट्ट्यांचे होईल. तत्त्वाचा प्रश्न आहे.

"त्या तत्त्वाला राहायला जागा आहे ना?" ती म्हणाली. "मग झालं. त्या लोकांना नाही."

२३ जानेवारी

पत्र पाठवले नाही.

शरणप्पांकडून एवढे मिळवले: एक महिना जास्त मुदत, सामानाला वीस बैलगाड्या, आणि विहीर लेखी. कलेक्टरांनी मागितलेले टिपण पाठवले. त्यात एक परिच्छेद नवा घातला आहे: 'प्रश्न विचारताना स्थानिक लोकांच्या बोलीतील शब्दांचा अर्थ आधी तपासून घ्यावा.' म्हणजे निदान चुकीतून निघालेला धडा तरी सुरक्षित राहिला. यात माझी भीती किती आणि विचार किती, हे मी मोजायला बसलो. निम्मानिम्मा असे पहिल्यांदा लिहिले होते, ते खोडले.

३१ मार्च

आज हलवले.

पत्रे उतरवले, दारे काढली, मागाची लाकडे गाड्यांवर चढली. कोणी ओरडले नाही, कोणी आडवे झाले नाही. मी भांडणाची तयारी करून गेलो होतो. फुलाबाई गाडीत बसेना. तीन मैल गाडीच्या मागून चालत आली, काखेत चाती आणि लोकरीचे गाठोडे. मी शेजारून चालू लागलो. नाक्यापाशी तिने विचारले, "साहेब, तुमचं घर कुटं?" मी सांगितले. "सोताचं?" "हो." "बरं हाय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

कल्लप्पाने आजची रजा मागितली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

२४ एप्रिल

विहिरीला बावीस फुटांवर कातळ लागला. सुरुंगाचे सामान नाही म्हणून कंत्राटदार माणसे घेऊन दुसऱ्या कामावर गेला, पावसानंतर येईल. पाण्याची गाडी एक दिवसाआड जाते, एखादे वेळी जात नाही. खाणीतले पाणी एकदा उपसले होते, झऱ्याने पुन्हा भरले. त्यात लाल औषध टाकले आहे. आज जाऊन पाहिले. पाणी जांभळट, कडेला पांढरी हाडे. एक बाई घागर बुडवत होती. मी म्हणालो, हे पिऊ नका. तिने घागर तशीच धरून विचारले, "मग काय पिऊ?"

तीन पत्रे लिहिली: कंत्राटदाराला, आरोग्य खात्याला, शरणप्पांना. तिन्हींच्या नकला दफ्तरी ठेवल्या.

१९ मे

पटकी. अकरा गेले. धुळाप्पा चौथा.

२० मे

काल एवढेच लिहिता आले. आज लिहितो.

मी सोमवारी गेलो तेव्हा धुळाप्पा शुद्धीवर होता. डोळे आत गेलेले, आवाज घोगरा. मला ओळखले. मी त्याला सांगितले की चूक माझी होती, माझ्या एका शब्दाची. त्याला त्यात रस नव्हता. म्हणाला, "गाडी आली का पान्याची?" मी बाहेर जाऊन पाहिले. आली नव्हती. आत येऊन येतेय म्हणालो. हे मी खोटे बोललो. मंडळाच्या नोकरीत पहिल्यांदा जाणूनबुजून बोललेले खोटे हे. आधीची सगळी मी खरी समजून बोललो होतो.

२२ मे

ते सहा पानी पत्र काढून पुन्हा वाचले. त्यात माझा हेतू किती शुद्ध होता यावर दोन पाने होती. ती काढून टाकली. उरलेली चार नव्याने लिहिली आणि शेवटी अकरा नावे घातली. दोन प्रहरी स्वतः पोस्टात जाऊन टाकले.

सरोजिनीला सांगितले. ती म्हणाली, "जानेवारीत लिहिलेलंच ना हे?" आणि चुलीकडे गेली.

७ जून

कलेक्टर कचेरीचे उत्तर आले. माझे निवेदन योजना मंजूर झाल्यानंतर आले असल्याने दफ्तरी दाखल करून घेतले आहे. तसेच, तोंडी चौकशीतून असे घोटाळे होतात असे दिसून आल्याने यापुढे कोणत्याही संस्थेने ती करू नये. नोटीस कचेरीच्या दारावर डकवणे पुरेसे समजावे.

म्हणजे जे वाचवण्यासाठी मी चार महिने गप्प बसलो तेही गेले. शरणप्पांना पत्र दाखवले. ते बोलल्याप्रमाणे झाले म्हणून त्यांना आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी पत्र घडी करून परत दिले आणि विचारले, "नोकरी सोडणार काय?" मी माहीत नाही म्हणालो. "सोडून कुणाचं भलं होणार आहे?" ते म्हणाले. मला ते पटले, आणि जे मला इतक्या लवकर पटते त्याची आता मला धास्ती वाटते.

१२ जून

आज सकाळी ११७ मध्ये गेलो. कल्लप्पा बरोबर आला. मी बोलावले नव्हते. साध्या कपड्यांत होता.

वस्ती रिकामी. आभाळ भरायला लागले तसे परवा सगळे निघून गेले. सांगोल्याकडे म्हणे, नाक्यावरच्या माणसाने सांगितले. तिथे यांचे काय उरले आहे, कोण जाणे. मागाच्या खड्ड्यांत वळवाचे पाणी साचून कडा आत कोसळल्या आहेत. पत्रे, दारे, लाकडे, सगळे नेले आहे. ते कोणाला सांगून गेले नाहीत. सांगायचे कोणाला?

शेवटच्या झोपडीला मात्र छप्पर होते. आत फुलाबाई.

ती घोंगड्यावर पडून होती. मला वाटले तिलाही लागण झाली, पण ताप होता, दुसरे काही नाही. कल्लप्पाने कपाळाला हात लावला. "आक्का, तू का गं गेली न्हाईस? गाडीत जागा न्हवती व्हय?"

"व्हती की. दोघं-तिघं वढत व्हते मला." तिने दाराबाहेर हात केला. पलीकडे उंचवट्यावर दगड रचलेले दिसत होते, अकरा ठिकाणी. "धुळाप्पाला तितं ठिवलाय. पावसात एकटा कसा सोडू?"

मी खाली बसलो. गेले आठ महिने मी शब्दच शोधत आलो आहे. शेवटी म्हणालो, "माझ्या घरी चला. माझी बायको बघेल तुमच्याकडे."

"न्हाय."

"मग तुमच्या माणसांकडे पोचवतो. सांगोल्यापर्यंत गाडी करून देतो."

"न्हाय म्हनलं न्हवं?" ती चिडली. आवाजात बळ आले. कल्लप्पाने माझ्याकडे पाहून मान हलवली.

"मग काय करू, सांगा," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. मला वाटले, झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाली, "पानी आना. गोड पानी. ह्येचा वास येतोय."

कोपऱ्यात मडके होते. कल्लप्पाने ते बाहेर नेऊन ओतले. आमच्याजवळ दुसरे पाणी नव्हते. तो नाक्यापर्यंत धावत गेला आणि लोटाभर घेऊन आला. ती ते सगळे प्याली. लोटा खाली ठेवायला तयार नव्हती.

उद्या: घरच्या आडाचे पाणी काढून, दोन घागरी, उजाडताच फुलाबाईकडे पोचवणे.